आडगाव ते न्हावाशेवा, क्लीनर नसताना

पिंपळगाव बसवंतला कांद्याचा कंटेनर भरून रात्री आडगावच्या ट्रक टर्मिनलला गाडी लावली. पहाटे न्हावाशेव्याला निघायचं, आणि क्लीनर गेलेला भाचीच्या बारशाला, म्हणजे ब्रेक लाईट तपासताना मागे उभं राहून "लागली... नाही लागली" ओरडायला कोणी नाही. शेजारच्या गाडीवाल्याला उठवावं तर तो बिचारा दोन वाजता आडवा झालेला.

अशा वेळेसाठी माझ्याकडे तुटक्या फावड्याचा दांडा आहे, टोकाला जुन्या ट्यूबचं रबर बांधलंय म्हणजे पेडलवरून सटकत नाही. सीट मागे घ्यायची, दांडा पेडल आणि सीटच्या मधे अडकवायचा, सीट हळूहळू पुढे सरकवायची, ब्रेक दबला की उतरून मागे जायचं. हँडब्रेक ओढलेला पाहिजे आणि चाकाला दगड पाहिजे, हे आधी. आणि स्टेअरिंगला एक फडकं बांधा, नाहीतर दांडा तसाच ठेवून गिअर टाकाल.

मी उठल्या उठल्या दांडा लावला, मागे जाऊन बघतो तर दोन्हीकडे अंधार. पाच मिनिटं वायरी चाचपल्यावर डोक्यात प्रकाश पडला, आमच्या गाडीत ब्रेक लाईटचा स्विच हवेवर चालतो आणि रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली, मग लाईट लागणार कुठून! इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा सात-आठ बारवर आणला, इंजिन बंद, चावी ऑन, परत दांडा. आता उजवी मस्त लागली, डावी ठार. इंजिन बंद असल्यामुळे कुठे हवा फुसफुसते का तेही ऐकू येतं, तेवढं ऐकून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पार्किंग लाईट बंद ठेवून बघा, मग चालू करून परत बघा. बल्ब एकच असला तरी आत तारा दोन, 5 वॉटची टेलची, म्हणजे पार्किंगसोबत लागणारी, आणि 21 वॉटची ब्रेकची. ब्रेकची जळाली तरी टेल लालच दिसते आणि अंधारात आपण म्हणतो लागली बुवा. मला खात्री आहे निम्मे लोक इथंच फसतात. माझ्या डावीकडे हेच झालेलं. नवीन बल्ब 24 व्होल्टचाच आहे ना बघून घ्या, कारचा 12 चा लावला तर लगेच उडतो. बल्बच्या दोन्ही पिना वरखाली असतात, जबरदस्तीनं उलटा कोंबला की टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते. आणि पार्किंग चालू असताना ब्रेक दाबल्यावर लाईट वाढायच्या ऐवजी मंद झाली तर बल्बला शिव्या देऊ नका, अर्थिंग खराब आहे, होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने घासा.

साडेचारला निघालो. द्वारका, विल्होळी, घोटीचा टोल, पाऊस आणि खड्डे, बाकी काही सांगण्यासारखं नाही. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा 2025 च्या जूनपासून चालू आहे, घाट टळतो, पण शेठ म्हणाला जुन्याच रस्त्याने जा, टोलचे पैसे त्याचे ना. इगतपुरीला चहाला थांबलो, धुकं असं की समोरची टपरी दिसेना. मागून एक टेम्पोवाला आला आणि म्हणाला, "दादा, मागून तुमची गाडीच दिसत नाहीये, मी जवळजवळ आत घुसलो होतो."

जाऊन बघतो तर ट्रेलरच्या सगळ्याच लाईटी गेलेल्या. घोड्याकडून, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीकडून, ट्रेलरला जाणारा सात पिनांचा प्लग खड्ड्यात हलून अर्धा बाहेर आलेला, त्याला धरून ठेवणाऱ्या झाकणाचा आकडा कधीचा तुटलाय आणि मी रोज उद्या बघू म्हणतोय. पिना पुसल्या, प्लग नीट दाबला, ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधला, परत दांडा लावून तपासलं आणि मगच कसारा उतरलो. तेव्हापासून घाटाच्या आधी एकदा उतरून बघतोच, आडगावला लागली म्हणजे कसाऱ्यात लागेल असं नाही.

परतीला अंधारात तपासायला घेतलं तर दांडाच नाही. मग पांढऱ्या भिंतीपासून पाच-सहा फुटांवर ट्रेलरचं ढुंगण आणलं, ब्रेक दाबून आरशात बघितलं, भिंतीवर दोन्ही बाजूला लाल उजेड कमी-जास्त होतो तो स्पष्ट दिसतो. दिवसा याचा उपयोग नाही, दिवसा मोबाईल मागे उभा करून व्हिडिओ काढा.

दांडा बहुतेक इगतपुरीच्या टपरीवर राहिला. टोकाला काळं रबर आहे, कोणाला दिसला तर तो माझा.