बारा पट लहान चादर

दोरीवर वाळत घातलेली चादर करायची होती. मी करत होते ते एका खोलीचं छोटं मॉडेल, १:१२ या मापाचं, म्हणजे खऱ्या एका फुटाला इथे एक इंच. भिंती उभ्या राहिल्या होत्या, खिडकीला झडपाही लागल्या होत्या. गच्चीतली दोरी आणि तिच्यावरची चादर, एवढंच उरलं होतं. तासाभराचं काम, असं मी धरून चालले. खरी वाटणारी चादर हवी तर खऱ्या चादरीचाच तुकडा कापावा, त्यात डोकं ते काय लावायचं? धुऊन धुऊन मऊ झालेली एक जुनी सुती चादर होतीच. वहीच्या पानाएवढा तुकडा कापला आणि दोरीवर टाकला.

तो लोंबेना. दोन्ही बाजूंना फाकून छपरासारखा बसला. चुण्या पडायला हव्यात तिथे एकच जाडजूड घडी पडली, तीही वळकटीसारखी. ओला करून पाहिला, इस्त्री करून पाहिला, शेवटी रागावूनही पाहिलं.

नंतर हिशेब मांडला तेव्हा कळलं की तुकड्याचा काही दोष नव्हता. कापड तेच आणि लांबी बारा पट कमी, की आपल्याच वजनाने वाकण्याची त्याची तयारी बारा पटीने नव्हे, बाराच्या घनाने, म्हणजे १७२८ पट कमी होते. खऱ्या पलंगावर जी लोळण घेते ती या खोलीत ताठ मानेने उभी राहते. शिवाय पाव मिलिमीटर जाडीचं कापड इथे तीन मिलिमीटरची सतरंजी होऊन बसतं. माणूस लहान करता येतो, भिंत लहान करता येते, पण वजन, ताठपणा आणि पाणी आपल्या मापाने आकसत नाहीत.

पाण्याचं तर विचारूच नका. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण झालेलं बाहुलीघर याच १:१२ मापाचं आहे आणि त्याच्या नळांना खरोखरचं पाणी येतं. कारागिरीला नमस्कारच करावा. पण नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब राणीसाठी म्हणून लहान होत नाही. चार मिलिमीटरचा थेंब त्या घरातल्या माणसाला लिंबापेक्षा मोठा दिसेल. म्हणून मॉडेलमधली नदी पाण्याची नसते, रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकची असते. आणि तीच ओली दिसते.

माझ्या चादरीचंही तसंच झालं. शेवटी कामाला आला तो टिश्यू पेपर. त्याचे पदर सोडवले, एकच ठेवला, पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवला आणि दोरीवर टाकला. ओल्या कागदाला वजन असतं, ताठपणा नसतो; तो निमूट खाली येतो. मग चिमट्याने एकेक चुणी ओढून घेतली, आणि गोंद वाळला तशी ती तिथेच राहिली. दोरी म्हणून विजेच्या जुन्या वायरीतली तांब्याची एक तार. सुती दोरा घेतला असता तर त्याचे धागे उसवून केसाळ दिसले असते. तार आपली मुकाट्याने ताणलेली राहते.

खरा धागा हट्टाने वापरायचाच, तर फ्रान्सिस ग्लेसनर ली यांच्याइतकी चिकाटी हवी. गुन्ह्याच्या तपासाचं शिक्षण देण्यासाठी या अमेरिकन बाईंनी १९४० च्या दशकात खोल्यांची मॉडेलं केली, तीही १:१२ चीच. त्यांतल्या बाहुल्यांचे पायमोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. सुयांवर नव्हे, टाचण्यांवर! मला ते जमणार नाही. मी टिश्यूवाली.

माप बदललं की वस्तूंची ओळख बदलते, आणि यातच खरी गंमत आहे. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचं लाडकं माप १:८७. तिथे एक मिलिमीटरचा वाळूचा कण पावणेनऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो. नदीकाठी अशी वाळू पसरलीत तर चालणाऱ्याचा पाय मुरगळेल. तीच वाळू बारीक चाळणीने चाळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण वेगळे काढा, की रुळांखालची झकास खडी तयार. वाळूला वाळू म्हणून नोकरी नाही, खडी म्हणून आहे. रस्ता हवा तर पॉलिश पेपर. झाडाखालची पानगळ हवी तर गाळणीतला चहाचा चोथा, कडकडीत वाळवून आणि बोटांनी चुरडून. ओलसर राहिला तर बुरशी धरते, हे स्वानुभवाने सांगते. त्यामुळे आमच्याकडे कचरा टाकण्याआधी मला विचारतात. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटामागची चंदेरी पन्नी पुढे धरून लेक विचारते, "आई, ही टाकू, की ही पण कशाचं तरी छप्पर आहे?" तिच्या स्वरातला खोचकपणा मी सोडून देते. ते खरंच छप्पर आहे. कंगव्याच्या दात्यांवर दाबलं की पन्हळी पत्रा होतो.

लाकडातही तीच फसवणूक. सागाचे रेषे सुंदर, पण छोट्या खुर्चीत ते पट्ट्यांसारखे दिसतात. बासवूड हे मऊ, जवळजवळ बिनरेषांचं लाकूड बिचारं नीरस, म्हणूनच उपयोगी. रंग डबीतला तसाच लावला तर भडक वाटतो. चमचाभर पांढरा घालावा, चकाकी घालवावी.

उरली धूळ. गच्चीत धूळ हवीच. पण खरी धूळ मॉडेलवर धुळीसारखी दिसत नाही, मॉडेल पुसलेलं नाही असं दिसतं. मी तपकिरी खडू घासून त्याची पूड कोरड्या ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यांत बसवली. छान दिसली. त्याला आता चार महिने झाले. काल मऊ ब्रश घेऊन साफसफाईला बसले, तर कोपऱ्यात माझी कोणती आणि घराची कोणती, काही केल्या ओळखू येईना. चादरीवरून कापसाचा एक तंतू तेवढा उचलला, तो फारच दोरखंडासारखा दिसत होता. बाकी तशीच ठेवली.