सिनपो लॉग: खरी मारामारी एनची

मंडळी, शॉर्टवेव्हचा लॉग (लांबलांबची रेडिओ स्टेशनं ऐकल्याची नोंद) परत सुरू केलाय आणि यावेळी ठरवलंय की दिसेल त्या स्टेशनला ५५५५५ वाटत सुटायचं नाही (सिनपो म्हणजे स्टेशन कसं ऐकू आलं त्याचे पाच आकडे, प्रत्येक १ ते ५, ५ म्हणजे उत्तम). क्यूएसएल कार्डाच्या (रिपोर्ट पाठवला की स्टेशन पोच म्हणून देतं ते) लोभापायी आपण देतो पाचावर पाच, पण तिकडच्या इंजिनिअरला त्यातून घंटा कळत नाही, त्याला हवं असतं की सिग्नल आपल्याकडे नेमका कुठं मार खातोय.

एस सिग्नल, आय दुसऱ्या स्टेशनची लुडबूड, एन नॉइज (खरखर कमी तितका आकडा मोठा), पी फेडिंग म्हणजे आवाज कमीजास्त होणं वगैरे, ओ एकंदर, हे तुम्हाला पाठच आहे. आमच्याकडं घोळ एनचा. घर सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला, गल्लीत पॉवरलूम, त्यात शेजारपाजारचे स्वस्तातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर, त्यामुळं संध्याकाळी ३१ मीटर बँडवर नुसती खरखर. परवा ऐन बातम्यांत लाइट गेली. तेच स्टेशन, गच्चीवरची तीच वायर, एस ४ चा ४ च राहिला पण एन २ वरून थेट ४, बाईंचा आवाज असा मोकळा झाला की मघाशी निसटणारी गावांची नावंपण कळायला लागली. लाइट आली, परत खरखर (घरचे खूश, मी सोडून). आता रिपोर्टमध्ये दोन ओळी लिहितो, लाइट असताना ४४२३२ आणि नसताना ४४४३३.

टेकसन रेडिओवाल्यांनो, स्क्रीनवर सिग्नलचा आकडा मोठा दिसला म्हणून एस ५ देऊ नका, त्यात खरखरपण मोजली जाते, शेजारचा सिग्नल टू नॉइजचा आकडा बघा. आणि ५ किलोहर्ट्झ बाजूचं दुसरं स्टेशन मध्ये चिरकत असेल तर तो आय, रेडिओची बँडविड्थ ६ वरून ३ किलोहर्ट्झ केली की बराच दबतो, तो एनमध्ये ढकलू नका. ओ ची सरासरीपण काढायची नसते राव, एन २ असताना ओ ४ कुठून येणार?

वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळ) टाका, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे ५ ला ऐकलं तर तारीखपण आदल्या दिवसाची येते, इथं बरेच जण गंडतात.

पुढच्या आठवड्यात रेडिओ घेऊन अक्कलकोट रोडला मित्राच्या शेतात जातोय, तिथं लाइटची लाइन लांब आहे. बार्शी, पंढरपूरकडचं कुणी त्याच वेळी तीच फ्रिक्वेन्सी लावणार असेल तर सांगा, आकडे शेजारी ठेवून बघू.