आडवी लावलेली मोटारसायकल

चौकात उभं राहून गाड्या मोजणं हे माझं काम. कोणत्या बाजूने किती आल्या, डावीकडे किती वळल्या, उजवीकडे किती, सरळ किती, याचा दर पंधरा मिनिटांनी नवा फॉर्म. दादरला रिक्षाचा रकाना कोराच राहतो. माहीम-सायनच्या पुढे रिक्षाला परवानगीच नाही.

त्या गुरुवारी आंबेडकर रोडवर पाइपलाइनसाठी एक लेन खणलेली होती. साडेनऊला गाड्यांचा लोंढा कॉलनीच्या गल्ल्यांत शिरला. १८९६ च्या प्लेगनंतर शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या इंग्रजांच्या काळातल्या शहर-सुधारणा संस्थेने आखलेला हा भाग. अशा चौकटीत तीन गल्ल्या पूर्वेला आणि तीन उत्तरेला जायचं, तर सारख्याच लांबीच्या २० वाटा निघतात. पण मोबाइल बघून जवळपास सगळे एकाच वाटेने आले.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांच्या आड येतात. उजवीकडे वळायला एक गाडी थांबली, तिच्यामागची रांग आधीच्या चौकात गेली. तिथलं वळण अडलं, ती रांग त्याच्याही मागच्या चौकात. चौथ्या चौकातली रांग पहिल्यात पोचली आणि कडं पूर्ण झालं. मग प्रत्येक गाडी पुढचीची वाट बघते, आणि सगळ्यात पुढची हिचीच. हॉर्नने हे सुटत नाही, पण लोक वाजवतातच.

पन्नाशीचे एक हवालदार आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी आपली मोटारसायकल आडवी लावली. मी धावलो. "हवालदारसाहेब, सुटायला हीच तर वाट आहे!"

"हीच अडकवतेय, साहेब. थांबा जरा."

वीस मिनिटांत गल्ल्या मोकळ्या झाल्या. मुख्य रस्ता हळू, पण चालत राहिला.

नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्येच दाखवलंय. मी ते शिकलोय. हवालदारांनी ते रोज उभं राहून ओळखलं होतं, आणि अशा माणसाला आमच्या बैठकीत कधी कुणी बोलावत नाही.

"ही गल्ली टू-वे कुणी केली हो?" त्यांनी विचारलं.

शिफारस माझी होती, गेल्या वर्षीची. गाडी कुठून येऊन कुठे जाते, तो सर्व्हे खर्चिक म्हणून वगळला होता. नुसत्या चौकातल्या आकड्यांवर मी सही केली. हे मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मोटारसायकल तेवढी थोडी आत सरकवली.

सोमवारपासून पुन्हा तिथेच उभा राहणार आहे. या वेळी गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणूस ठेवून नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे टिपायचे आहेत.