88 वर्षांच्या आज्जी आणि आयुष्य वाढवणारी गोळी

राधानगरी भागातल्या 88 वर्षांच्या आज्जी पावसाळ्यातल्या एका सोमवारी आमच्या कोल्हापूरच्या ओपीडीत आल्या. रात्री लघवीला उठल्या आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी पडल्या, एवढीच तक्रार. हाड मोडलं नव्हतं. पण तीन महिन्यांत वजन 46 वरून 42 किलोवर आलं होतं आणि पोट सारखं बिघडत होतं. "तोंडाला चवच न्हाई डाक्टर, भाकरी बघितली तरी नको वाटतंय," त्या म्हणाल्या.

अशा वेळी मी चिठ्ठी बघत नाही, घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावतो. रक्तदाबाची गोळी निघाली, तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. शिवाय मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन 500, दिवसातून दोनदा. आज्जींना मधुमेह नाही, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.6, म्हणजे नॉर्मल. ही गोळी पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने सुरू केली होती. या गोळीने म्हातारपण लांबणीवर पडतं असं त्याच्या वाचनात आलं होतं. "सर, आज्जीनं शंभरी गाठावी, एवढंच," तो म्हणाला. त्याची माया खरी होती, म्हणून त्याला सगळं समोर बसवून दाखवलं.

पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घेतला: 146/78. उभं केल्यावर एका मिनिटाने 118/70. वरचा आकडा 20 ने उतरला तरी धोका मानतात, इथे 28 ने उतरला. मेटफॉर्मिनने जुलाब, जुलाबाने पाणी कमी, उरलेलं पाणी रक्तदाबाच्या गोळीने काढलं. मग झोपेतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारच.

क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, 1.1 होतं, म्हणजे रिपोर्टवर जवळपास नॉर्मल. इथेच फसगत होते, कारण स्नायू कमी असले की क्रिएटिनिन तयारच कमी होतं. म्हणून मूत्रपिंडाची गाळणी किती चालते ते सूत्राने काढलं: 140 वजा वय, गुणिले वजन, भागिले 72 गुणिले क्रिएटिनिन, आणि बाईसाठी गुणिले 0.85. उत्तर आलं मिनिटाला सुमारे 23 मिली. हे सूत्र अतिवृद्धांत थोडं कमी दाखवतं हे धरलं, तरी मूत्रपिंडाची गाळणी 45 च्या खाली असताना मेटफॉर्मिन नव्याने सुरू करत नाहीत, आणि 30 च्या खाली देतच नाहीत. गाळणी मंदावली की औषध अंगात साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याची भीती असते.

मग ताकद मोजली. हाताची पकड 11 किलो. बायकांत 18 च्या खाली म्हणजे स्नायू अशक्त. खुर्चीवरून पाचदा उठायला 24 सेकंद, तेही उशी घालून उंच केलेल्या खुर्चीवरून. 12 च्या आत जमायला हवं. गेलेल्या चार किलोंत बराच वाटा मांडीच्या स्नायूंचा असणार.

नातवाचा प्रश्न मात्र रास्त होता: विज्ञान एवढं पुढे गेलंय, मग माणूस दीडशे का जगणार नाही? स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं, 2016-20 मध्ये ते 70 झालं. पण ही वाढ मुख्यतः लहान मुलं आणि बाळंतिणी वाचल्याची आहे. कमाल मर्यादा तशी हललेली नाही. फ्रान्सच्या जान काल्माँ 1997 साली 122 व्या वर्षी गेल्या, त्यानंतर तिथवर कुणी पोचलं नाही. प्रौढ वयात मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. त्यामुळे एक आजार जिंकला, तर दुसरा पुढच्या वळणावर उभाच असतो.

मेटफॉर्मिनबद्दलची आशा 2014 च्या एका ब्रिटिश अभ्यासावर वाढली: ती घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षा जास्त जगलेले दिसले. 2022 मध्ये डेन्मार्कच्या नोंदींत हा फायदा दिसला नाही. अमेरिकेत आखलेली मोठी चाचणीसुद्धा 65 ते 79 वयाच्या लोकांसाठी आहे, 88 साठी नाही. रॅपामायसिन या दुसऱ्या औषधाचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. 2009 मध्ये 600 दिवसांच्या, म्हणजे म्हाताऱ्या उंदरांना ते दिलं, तर नर सुमारे 9 टक्के आणि माद्या 14 टक्के जास्त जगल्या. पण माणसात ते मूत्रपिंडरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात. म्हातारपणाचा वेग औषधाने थोडा कमी होईल असं मला मनापासून वाटतं. दीडशेचं वचन आज कुणी देऊ नये.

मेटफॉर्मिन त्याच दिवशी बंद केलं. रक्तदाबाची गोळी लघवी न वाढवणारी, कमी मात्रेची दिली. जुलाब थांबेपर्यंत ओआरएस. जेवणात दिवसाला 45 ते 50 ग्रॅम प्रथिनं हवीत. घरचे म्हणाले, "मटण खाते की!" विचारल्यावर कळलं, दात नसल्यामुळे त्या फक्त पांढरा रस्सा पितात. रश्श्यात प्रथिनं फार थोडी असतात. खिमा करून द्या, रोज दोन अंडी, दोन वेळा दूध आणि घट्ट डाळ, असं लिहून दिलं. मोरीत धरायला दांडी, रात्रभर दिवा, उठल्यावर पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसणं. आणि खुर्चीवरून पाचदा उठणं, दिवसातून तीन वेळा, शेजारी माणूस उभं करून.

सहा आठवड्यांनी वजन 43.5 झालं होतं, उभं राहिल्यावर रक्तदाब 8 ने उतरत होता. खुर्चीची वेळ 17 सेकंद. आज्जींना म्हटलं, आता उशी काढा.