एलव्हायरातला खर्ज

ओक रिज बॉईज या अमेरिकी गायक-चौकडीचं ‘एलव्हायरा’ हे गाणं लावलं की कडव्यांकडे माझं फारसं लक्ष नसतं. मी वाट बघत असतो ती धृपदाच्या शेपटाची. चौघं मिळून एलव्हायरा या पोरीच्या नावाचा गजर करतात, मग बाकीचे बाजूला होतात आणि एकच आवाज जिना उतरावा तसा खाली खाली जातो: ‘ऊम पापा ऊम पापा माउ माउ’. म्हणणाऱ्याचा चेहरा असा, की जणू कोर्टात साक्ष चालली आहे. त्याच्या मागोमाग घोड्याला पिटाळायची हाळी येते. ती उचललीय जुन्या अमेरिकी रेडिओ मालिकेतल्या मुखवटाधारी लोन रेंजरकडून.

अर्थ विचारू नये. तराण्यातल्या ‘तनोम’चा आपण कुठे विचारतो? त्यातून ‘माउ माउ’ काही या चौघांची कमाई नव्हे. लॉस एंजेलिसच्या रिव्हिंग्टन्स या गटाने 1962 मध्ये जवळपास हीच अक्षरं घेऊन एक अख्खं गाणं म्हटलं होतं.

‘एलव्हायरा’ लिहिलं डॅलस फ्रेझरने. हा ओक्लाहोमात जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्डकडे वाढलेला कवी. लहानपणी कापूस वेचलेला माणूस. आता प्रेमगीतातली नायिका म्हटली की आपण लगेच कवीच्या आयुष्यात डोकावायला लागतो, कोण असेल ही, पुढे काय झालं वगैरे. इथे ती सोय नाही. ईस्ट नॅशव्हिलमध्ये एका रस्त्याच्या पाटीवर त्याला ‘एलव्हायरा ॲव्हेन्यू’ दिसलं, नाव आवडलं, गाणं झालं. म्हणजे डोळे स्वर्गासारखे, ओठ असे आणि तसे, हे सगळं कौतुक मुळात महापालिकेच्या पाटीचं.

त्याने ते 1966 मध्ये स्वतःच गायलं. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या ‘हॉट 100’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 72व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि तिथेच दमलं. पुढे केनी रॉजर्सच्या फर्स्ट एडिशन या गटाने म्हणून पाहिलं, 1978 मध्ये रॉडनी क्रॉवेलनेही म्हटलं. चांगले गाणारे लोक हे. पण गाणं काही उठलं नाही. शब्द तेच, चाल तीच. मला वाटतं, कमी होती ती फक्त त्या एका ओळीला हक्काचा मालक मिळण्याची. ती ओळ कोणीही गंमत म्हणून म्हटली की नुसती गंमतच उरते. ती नोकरी असल्यासारखी, इमानाने म्हणणारा गडी पाहिजे.

असा गडी चर्चमध्ये तयार होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडे गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गाणाऱ्या चौकड्यांची मोठी परंपरा आहे: टेनर, लीड, बॅरिटोन आणि सगळ्यात खाली बेस, म्हणजे खर्ज. वरचे तिघे देवाला आळवत असतात तेव्हा बेसवाला खालून छप्पर पेलून धरतो. पण त्यालाही अधूनमधून एक जागा राखून ठेवलेली असते. तिथे तो एकटा तळाला जाऊन येतो आणि बाकांवरची मंडळी खूश होतात. ओक रिज बॉईज मूळचे याच पठडीतले. नावात ओक रिज आलं तेही त्यातूनच. टेनेसीतल्या या गावात दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम तयार होत होतं, सगळा मामला गुप्त, बाहेरच्याला आत प्रवेश नाही. तिथल्या कामगार-कुटुंबांसमोर हा गट वरचेवर गायला जाई, म्हणून ओक रिज क्वार्टेट. माणसं बदलत गेली, नाव टिकलं, आणि सत्तरच्या दशकात गटाने चर्चकडून कंट्री, म्हणजे अमेरिकी गावरान ढंगाच्या, संगीताकडे मोर्चा वळवला.

बेसवाला रिचर्ड स्टर्बन 1972 मध्ये आला. त्याआधी तो जे. डी. सम्नरच्या स्टॅम्प्स क्वार्टेटमध्ये होता, म्हणजे दस्तुरखुद्द एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे उभा राहून गात होता. ते सोडून या धडपडणाऱ्या मंडळीत यायचं! आपल्याकडे असं केलं असतं तर घरच्यांनी महिनाभर अबोला धरला असता. आणखी एक गंमत म्हणजे हा स्टर्बन न्यू जर्सीतल्या कॅम्डनचा, आणि कडवी गाणारा जो बॉन्सल फिलाडेल्फियाचा. ड्वेन ॲलन टेक्सासचा आणि छातीवर रुळणारी दाढी राखणारा विल्यम ली गोल्डन अलाबामाचा, म्हणून दक्षिणेची लाज राहिली. गावरान गाण्याच्या गटातली निम्मी माणसं चक्क शहरी पोरं.

1981 मध्ये निर्माता रॉन चान्सीने या चौघांकडून ‘एलव्हायरा’ करून घेतलं. कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक, ‘हॉट 100’मध्ये पाचवा, कंट्री म्युझिक असोसिएशनचं वर्षातलं सर्वोत्तम सिंगल, वर ग्रॅमी. पंधरा वर्षं पडून असलेलं गाणं अचानक पोरासोरांच्या तोंडी.

काही जणांना ते बाष्कळ वाटतं. वाटू दे. कडवी पातळ आहेत हे मलाही मान्य आहे. पण शेवटाकडे एक जागा मला मनापासून आवडते. नायक आज रात्री तिला एका साध्याशा खानावळीत भेटणार आहे, खिशात साठवलेले शेवटचे दोन डॉलर, आणि एवढ्या भांडवलावर त्याचा बेत काय, तर लग्न लावून देणारा पाद्री शोधायचा. बॉन्सल हे इतक्या उत्साहात म्हणतो, की दोन डॉलरमध्ये भागेल का हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतच नाही. बॉन्सल 2024 मध्ये गेला.

थोरले जॉर्ज बुश या मंडळींचे मोठे चाहते होते. 2018 मध्ये ह्यूस्टनला त्यांच्या अंत्यविधीत हेच चौघे गायले, अर्थात ‘अमेझिंग ग्रेस’. ‘माउ माउ’वाला आवाज त्या दिवशी पुन्हा आपल्या जुन्या, छप्पर पेलायच्या जागी.

आणि फ्रेझर? इतकी गाणी लिहून त्याने पुढे लेखणी बाजूला ठेवली आणि स्वतःच पाद्री झाला. दोन डॉलरवाल्या त्या पोराला आता फार शोधाशोध करावी लागली नसती.