जळगाव ते परदेश : नाजूक ऑडिओ सामान विमानातून नेताना

विमान हवेत असताना माइकला सहसा काही होत नाही. जे व्हायचं ते त्याआधी किंवा त्यानंतर होतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना बंद डिकीत, मुंबईपर्यंतच्या चारशे-सव्वाचारशे किलोमीटरच्या रस्त्यात, आणि विमानतळावर बॅग पट्ट्यावरून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून विमानात फेकली जाते तेव्हा. त्यामुळे वहीगायन, कानबाईची गाणी, पावरी असल्या खान्देशी लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन बाहेर जाताना मी सगळी तयारी तीन गोष्टींसाठी करतो : आपटणं, उष्णता आणि दमटपणा. विमानाच्या पोटात हवेचा दाब केबिनइतकाच असतो, त्याची भीती उगाच बाळगली जाते.

पहिलं काम वाटणीचं. हातातल्या बॅगेत जातं ते असं : रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला), कंडेन्सर माइकची जोडी (हेही नाजूक, चालायला वीज लागणारे), रेकॉर्डर, हार्ड डिस्क आणि सगळ्या बॅटऱ्या. चेक-इनमध्ये जातात स्टँड, केबल, मिक्सर, हेडफोन, डायनॅमिक माइक, चार्जर आणि अवजारं. डायनॅमिक माइक दणकट असतो, त्याच्यासाठी केबिनमधली जागा घालवू नये.

अडचण येते वजनाची. बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत हातातली बॅग सात किलोंचीच नेऊ देतात. पेलिकनची १५१० ही केबिनच्या मापाची चाकांची केस लोकप्रिय आहे, पण ती रिकामीच पाच किलोंच्या पुढे जाते, म्हणजे सामानाला उरतो दीड किलो. म्हणून केबिनसाठी मी साधी पाठीवरची बॅग घेतो आणि आत कप्प्यांचा पॅडेड इन्सर्ट बसवतो. हार्ड केस फक्त चेक-इनसाठी. घरून निघतानाच हुकाच्या डिजिटल काट्यावर दोन्ही बॅगा तोलायच्या. चेक-इनची एक बॅग ३२ किलोंच्या वर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि २३ च्या वर गेली की बहुतेक तिकिटांवर पैसे पडतात.

जळगाव विमानतळावरून मुंबई गाठणार असाल तर एक लक्षात ठेवा. ती एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी विमानं असतात आणि त्यांचे वरचे कप्पे लहान. पाठीवरची बॅग शिडीपाशी मागून घेतात आणि खाली टाकतात. त्यासाठी रिबन, कंडेन्सर आणि सुट्या बॅटऱ्यांची एक छोटी पिशवी बॅगेत सर्वांत वर ठेवायची. बॅग मागितली की पिशवी काढून हातात घ्यायची. शिवाय देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर जळगाव ते मुंबई वजनाची मर्यादा कमी असते, तिथेच जास्तीचे पैसे जातात. मला रेल्वे बरी वाटते. एसी डब्यात खालच्या बर्थखाली केस आडवी सरकवली की उष्णतेचा प्रश्न मिटतो. नंदुरबार-धुळ्याहून गाडीनेच जायचं असेल तर रात्री निघावं, नाजूक बॅग डिकीत नव्हे तर मागच्या सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट लावावा. सीटची गादी बारीक हादरे खाते. डिकीचा पत्रा ते जसेच्या तसे वर देतो, आणि तासन्‌तास असले हादरे बसले की एक्सएलआर कनेक्टरचे (माइकच्या केबलचा तीन पिनांचा जोड) स्क्रू, मिक्सरच्या नॉबा, रॅकचे नट ढिले होतात. वाटेत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत, आणि नाजूक बॅग आपल्यासोबत.

आता फोम, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते. केस कितीही भक्कम असली तरी ती आपटण्याचा धक्का थांबवत नाही, फक्त सामान चिरडू देत नाही. धक्का खातो तो फोम, आणि तो खातो दबून. वस्तूच्या मानाने फोम फार कडक असेल तर तो दबतच नाही आणि धक्का सरळ आत जातो. फार मऊ असेल तर वस्तू त्याला पार दाबून तळाला टेकते आणि तिथे आपटते. म्हणून एकच फोम सगळ्याला चालत नाही. माइक, रेकॉर्डर असल्या हलक्या वस्तूंना मऊ पीयू फोम, म्हणजे गादीवाल्याकडे मिळतो तो. मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर असल्या पाच-सहा किलोंच्या वस्तूंना बंद पेशींचा ईपीई फोम, पांढरा किंवा काळा, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात असतो तसला. गादीवाल्याकडे फोम कापायचं यंत्र असतं, माप लिहून दिलं की तो सरळ काप देतो. घरी कटरने कापलेला फोम वाकडा जातो आणि वस्तू आत डुलते.

सर्व बाजूंनी पाच सेंटीमीटर फोम हा माझा किमान हिशेब. खाली आणि कोपऱ्यांत आणखी, कारण बॅग सपाट कमी पडते, कोपऱ्यावर जास्त. दोन वस्तूंमध्ये अडीच-तीन सेंटीमीटरची भिंत हवीच, नाहीतर मिक्सरचा कोपरा हेडफोनमध्ये घुसतो. खाचा वस्तूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापायच्या, म्हणजे वस्तू घट्ट बसते. जड वस्तू चाकांच्या बाजूला. नॉबा आणि फेडर (सरकवायची बटणं) झाकणाकडे किंवा तळाकडे असू नयेत. मिक्सर उभा ठेवून तोंड फोमच्या भिंतीकडे करायचं आणि वर नॉबांच्या उंचीपेक्षा जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवायची, म्हणजे भार नॉबांवर न येता चौकटीवर येतो. थर्माकोल वापरू नका. पहिल्या धक्क्यात तो चुरतो आणि दुसऱ्या धक्क्याला तिथे पोकळी असते. त्याचे दाणे फेडरच्या फटीतही शिरतात. केससोबत येणारा चौकोनी तुकडे तोडायचा फोमही काही वर्षांत भुरभुरतो, आपल्याकडच्या उन्हात लवकरच.

बांधून झालं की केस बंद करून चारही बाजूंना उलटी-पालटी हलवून पाहायची. आतून जरा जरी खुडखुड आली तरी परत उघडायची. ही केस मीटरभर उंचीवरून पडेल असं गृहीत धरूनच बांधावं.

रिबन माइकला वेगळी वागणूक. आतली ॲल्युमिनियमची पट्टी दोन-अडीच मायक्रॉन जाडीची असते आणि ती फक्त दोन टोकांना पकडलेली. आडवा ठेवून हादरे बसले की ती खाली ओघळते. म्हणून तो गाडीत, रेल्वेत, विमानात उभाच ठेवायचा. दुसरी भीती वाऱ्याच्या झोताची : माइक असलेल्या केसचं झाकण धाडकन बंद केलं तरी हवेचा धक्का पट्टी ताणू शकतो. आधी माइकला कापडी पिशवीत घालायचं, मग पेटीत, आणि झाकण हळू लावायचं. पोहोचल्यावर कुणी उत्साहाने त्यात फुंकर मारून ‘चालू आहे का’ पाहणार नाही, याकडे लक्ष ठेवावं लागतं. मल्टिमीटर लावून तपासू नका, त्याचा करंटही पट्टीला झटका देतो.

कंडेन्सरचा शत्रू दमटपणा. आपली खान्देशी हवा वर्षातला बराच काळ कोरडी, पण पावसाळ्यात मुंबईत तासभर उघडी राहिलेली पेटीही ओल धरते आणि मग माइक तडतडतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, नारिंगी रंगाच्या. ओल शोषली की त्या हिरव्या होतात आणि १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवल्या की पुन्हा कामाला येतात. थंडीच्या देशात उतरलात तर बाहेरून आलेली केस गरम खोलीत लगेच उघडू नये. दोन-तीन तास तशीच बंद ठेवली की आतलं सामान खोलीच्या तापमानाला येतं आणि थंड धातूवर पाणी धरत नाही. हवाबंद केसला दाबाचा व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. नसेल तर उतरल्यावर झाकण आतून ओढल्यासारखं घट्ट बसतं, जोर लावून कडी मोडू नये.

मुलाकडे परदेशी राहायला चाललेली मंडळी कधी जुना रेकॉर्ड प्लेअर किंवा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर नेण्याबद्दल विचारतात. प्लेअरची सुई बसवलेली पुढची मान काढून वेगळी, मागचं वजन काढून वेगळं, हात पट्टीने स्टँडला बांधलेला, थाळी उचलून सपाट गुंडाळलेली, बेल्ट पिशवीत. स्प्रिंगवर तरंगणारा असेल तर वाहतुकीचे स्क्रू कसायचे. थाळी तशीच ठेवली तर तिचं वजन मधल्या खिळीचं बेअरिंग खातं. अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह काढून प्रत्येकावर सॉकेटचा आकडा लिहायचा आणि ते हातातल्या बॅगेत न्यायचे. ट्रान्सफॉर्मर असलेली बाजू खाली, नाहीतर आपटताना त्याच्या वजनाने पत्रा वाकतो. आणि नेण्याआधी विजेचा विचार करा. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमेल, पण वारंवारता तीच राहते, आणि सिंक्रोनस मोटरचा (जिचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो) ५० हर्ट्झचा प्लेअर तिथे २० टक्के जोरात फिरतो : मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४० ने. ज्या ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय त्यांची काळजी नाही.

बॅटरीचा नियम चुकला तर बॅग परत बोलावतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये जात नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये चालतात. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी आणि सुट्या फक्त दोन. १६० च्या पुढे प्रवाशाला नेताच येत नाही. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलं नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. रेकॉर्डरला लावतात ती मोठी एनपी-एफ बॅटरी ७.२ व्होल्ट, ६६०० मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सुमारे ४७.५ वॉट-अवर. छापील आकडा खोडला गेला असेल तर तपासणीवाला ती अडवतो. प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी आणि वेगळी छोटी पिशवी. पेन्सिल सेल तिथेच विकत घ्यावेत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा ज्वलनशील स्प्रे आणि साफसफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कुठल्याच बॅगेत चालत नाही. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न चेक-इनमध्ये.

सुरक्षा तपासणीत केबलचं गुंडाळं क्ष-किरणांत संशयास्पद दिसतं आणि त्याखालचं काही दिसत नाही. केबल चेक-इनमध्ये, हातातल्या बॅगेत लागतील तेवढ्या दोन, वेगळ्या पारदर्शक पिशवीत. रेकॉर्डर आणि हार्ड डिस्क स्वतःहून ट्रेमध्ये काढून ठेवा. क्ष-किरणांनी माइक किंवा मेमरी कार्ड बिघडत नाही. रिबनची पेटी उघडायला सांगितली तर नम्रपणे स्वतः उघडतो म्हणायचं. चेक-इनच्या केसमध्ये झाकणाच्या आत मांडणीचा फोटो आणि इंग्रजीत दोन ओळी ठेवतो : काय कुठे बसतं आणि परत कसं ठेवायचं. अमेरिकेला जाताना टीएसए (तिथली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) मान्य कुलूपच लावा, दुसरं असेल तर तोडू शकतात.

सामान परत आणताना ते तिकडे विकत घेतलेलं नाही हे दाखवावं लागतं. त्यासाठी मुंबईत निघताना, बॅग काउंटरवर देण्याआधी, कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायचं. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की अधिकाऱ्याला दाखवायला वस्तू उरत नाही. सोबत यादी हवी : वस्तू, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, किंमत, जमल्यास बिल. सिरियल नंबर घासलेला असेल तर फोटो काढून ठेवा. नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचावं, त्यात कुचराई नको. मोठा संच व्यावसायिक कामासाठी नेत असाल तर एटीए कार्ने (सामान शुल्क न भरता तात्पुरतं नेण्याचा कस्टमचा दस्तऐवज) आहे. आपल्याकडे तो उद्योगांची संघटना फिक्की देते, एक वर्ष चालतो, हमी रक्कम भरावी लागते आणि प्रत्येक सीमेवर जाताना-येताना शिक्का मारून घ्यावा लागतो. एक शिक्का राहिला तर त्या देशाचं शुल्क तुमच्या हमीतून जाऊ शकतं. जायच्या देशात तुमच्या कामासाठी तो स्वीकारतात का, हे आधी विचारून घ्या.

वायरलेस माइकबद्दल थोडंसं, कारण हे फार जणांना माहीत नसतं. सेटच्या मागे मेगाहर्ट्झचा पट्टा छापलेला असतो. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बहुतेक भाग १३ जुलै २०२० पासून वायरलेस माइकला बंद आहे. ब्रिटनमध्ये ६०६.५ ते ६१३.५ मेगाहर्ट्झला तिथल्या दूरसंचार नियामकाचा, ऑफकॉमचा, परवाना लागतो, ८६३ ते ८६५ ला लागत नाही. पट्टा जुळत नसेल तर ते ओझं नेण्यापेक्षा तिथे भाड्याने घेतलेलं परवडतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक माइकवर शांत खोलीत एक मिनिट मुद्रण करतो, मग ठरावीक अंतरावरून टाळी आणि बोलणं. गेन (रेकॉर्डरवर आवाज किती वाढवला तो आकडा) लिहून ठेवतो. पोहोचल्यावर त्याच गेनवर पुन्हा तेच. रिबनला फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद आहे ना, हे आधी पाहायचं. आवाज बारीक झाला, खर्ज गेला किंवा पट्टी फडफडते असं वाटलं तर ती ताणली. कंडेन्सरच्या शांत मुद्रणात चुरचुर असेल तर ओल. सिलिकासोबत एक रात्र बंद ठेवून परत ऐकायचं.

चेक-इनची केस मात्र विमानतळावरच, बाहेर पडण्याआधी उघडायची. फुटलेलं दिसलं तर तिथेच सामानाच्या काउंटरवर पीआयआर (सामानाच्या नुकसानीचा तक्रार अर्ज) भरून प्रत घ्या, फोटो काढा आणि सात दिवसांच्या आत विमान कंपनीला लेखी तक्रार द्या. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या भरपाईच्या माँट्रियल करारात नुकसानीसाठी हीच मुदत आहे. भरपाईची मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), रुपयात पावणेदोन-दोन लाखांच्या आसपास, आणि तीही सगळ्या सामानाची मिळून. किंमत त्याहून जास्त असेल तर चेक-इनवेळी जादा मूल्य जाहीर करून पैसे भरता येतात, नाहीतर वेगळा विमा काढावा. विम्याच्या कागदात चेक-इन केलेलं इलेक्ट्रॉनिक सामान वगळलेलं नाही ना, ती ओळ शोधून वाचा. काउंटरवर ‘नाजूक’ची चिठ्ठी लावताना एखाद्या कागदावर सही मागतात, त्यात पॅकिंग अपुरं असल्याची जबाबदारी प्रवाशाची असं लिहिलेलं असू शकतं. सही करण्याआधी वाचा, आणि बंद करण्याआधीचा आतल्या मांडणीचा फोटो फोनमध्ये तयार ठेवा.