तुम्ही विचारलंत म्हणून: ते चक्रीवादळ होतं का?

मे संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे बहुतेक एखादा जुना विद्यार्थी. "सर, कालचं ते चक्रीवादळच व्हतं ना?" पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ: आडवी झालेली केळीची बाग, चिखलात लोळणारे घड आणि मागे कुणाचा तरी रडवेला आवाज. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात भूगोल शिकवत आयुष्य गेलं, त्याची ही पेन्शन.

आधी शब्दाचं बघू. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि येण्याआधीच त्याचं बारसं झालेलं असतं. २०२० च्या ३ जूनला अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं ते 'निसर्ग'. आपल्या बागा वीस मिनिटांत झोपवतं ते एकट्या-दुकट्या गडगडाटी ढगाचं काम. विचारणाऱ्याच्या मनात खरं तर टोर्नेडो असतो, ढगातून जमिनीला टेकलेला फिरता खांब. जुनी माणसं नुसतं 'वावधन' म्हणायची. मला तो शब्द आवडतो, कारण वारा फिरत आला की सरळ, याबद्दल तो काहीच ठोकून देत नाही.

नुकसान किती झालं यावरून हे ठरत नाही. घड लागलेली केळ ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वाऱ्यातच मोडायला लागते, शंभराच्या घरात गेला की अख्खी बाग खाली. एवढा वारा सरळसुद्धा वाहतो. बघायची ती पडण्याची दिशा, आणि त्यासाठी केळीच्या बागेसारखा साक्षीदार मिळणार नाही. पाच बाय पाच फुटांवर लावलेली, हेक्टरी चार हजारांवर खोडं, आणि पडलेलं प्रत्येक खोड म्हणजे जमिनीवर काढलेला एक बाण.

टोर्नेडो गेला असेल तर अरुंद, लांब पट्टा दिसतो आणि दोन्ही कडांचे बाण आत, मधल्या रेषेकडे वळलेले असतात. ढगातून गार हवा धपकन खाली आदळली असेल तर बाण पंख्यासारखे बाहेर पसरतात. मी होकायंत्र आणि वही घेऊन दर दहाव्या ओळीला थांबतो, बुंध्यापासून शेंड्याकडची दिशा टिपतो. यात एक फसगत आहे. निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळ घडाच्या वजनाने आधीच एका अंगाला कललेली असते, म्हणून ती वाऱ्यापेक्षा घडाचं ऐकते. मी न निसवलेल्या नवतीवर, म्हणजे नव्या लागवडीवर जास्त विश्वास ठेवतो.

ही युक्ती माझी नव्हे. तेत्सुया फुजिता नावाचे जपानी शास्त्रज्ञ १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतर नागासाकीत गेले होते. स्फोटाच्या खालच्या जागेपासून झाडं चहूबाजूंना बाहेर पडलेली त्यांनी पाहिली. पुढे ते अमेरिकेत गेले. तिथे १९७४ च्या ३ आणि ४ एप्रिलला चोवीस तासांत १४८ टोर्नेडो झाले. विमानातून ती पडझड पाहताना एका ठिकाणच्या जंगलात त्यांना तोच ताऱ्यासारखा नमुना दिसला. तिथे फिरता वारा नव्हताच, वरून खाली आदळलेला होता. टोर्नेडोला दर्जा देण्याची १९७१ ची पट्टीही त्यांचीच. 'एफ-तीन', 'एफ-चार' ऐकून आपल्याला वाटतं, कुणीतरी वेग मोजला. तो मोडलेल्या घरा-झाडांवरून काढलेला अंदाज असतो. म्हणजे आपला पंचनामाच.

मी स्वतः सपशेल चुकलोय. तापीकाठच्या एका गावात निंबाचं झाड पिळून मोडलेलं, गोठ्याचे पत्रे दोन शेतं ओलांडून गेलेले, आणि ओट्यावरची मावशी हात गोल फिरवून सांगत होती, "असं गरगरत आलं, भो!" मी तिथेच टोर्नेडो जाहीर करून टाकला. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या पलीकडची बाग पाहिली तर सगळे बाण उलट दिशेला, बाहेर पसरलेले. निंब पिळला होता तो त्याची एका बाजूची फांदी जड होती म्हणून. मावशी खोटं बोलत नव्हती. तिने धूळ फिरताना पाहिली, आणि आदळलेल्या वाऱ्याच्या कडेला धूळ फिरतेच.

आपल्याकडे हे आदळणं साहजिक आहे. भुसावळला पारा पंचेचाळिशीत, खालची हवा कोरडी ठणठणीत. ढगातला पाऊस वाटेतच विरतो, विरताना हवा गार आणि जड करतो, ती कोसळते. आधी गार झुळूक, मग मातीचा वास, मग अंधार. हा क्रम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"मग रडारवर बघा ना सर!" बघतो. पण मुंबई, नागपूर, भोपाळची रडारं, तिन्ही जळगावपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या पुढे. रडारचा किरण अर्ध्या अंशावर सोडला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे इथे पोचेपर्यंत तो आठेक किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याला ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. ढग किती वाजता गावावर होता आणि कुठे सरकला, एवढं मी त्यावरून घेतो. डॉप्लर रडारवर टोर्नेडो ओळखायचा तर जवळजवळ चिकटून दोन रंग लागतात, एक रडारकडे येणाऱ्या वाऱ्याचा, दुसरा दूर जाणाऱ्याचा. शंभर किलोमीटरवरसुद्धा किरण दीड किलोमीटर वर असतो, इथून तर विचारायलाच नको.

तर उत्तर असं: मी पाहिलेल्या बागांत जवळजवळ सगळे पंखेच निघाले. एकदाच चाळीस पावलं रुंद पट्टा सापडला, दोन्ही कडांचे बाण आत वळलेले. तो नदीच्या वाळूत जाऊन संपला आणि वाळूवर काही उमटलेलं नव्हतं. वहीत त्या पानावर मी फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

विम्यासाठी या नावाने काही फरक पडत नाही, तिथे ७२ तासांत कळवणं महत्त्वाचं. माझ्यासाठी मात्र बाग साफ करण्याआधी दोन फोटो काढा. बुंधा आणि शेंडा दोन्ही दिसू देत, आणि कोपऱ्यात विहीर, विजेची डीपी, देवळाचा कळस असं काहीतरी येऊ द्या. मागच्या खेपेला एकाने चाळीस फोटो पाठवले, चाळीसही घडांचे. त्यात उत्तर कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.